आधी दरकरार बदला, मग गच्चीवर चढा

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्या नागपूर महापालिकेच्या विद्युत विभागात कनिष्ठ अभियंता आहेत. मनपाच्या मालकीच्या सगळ्या इमारती (झोन कार्यालयं, शाळा, दवाखाने, सभागृहं) कोळसा, डिझेल आणि गॅसवरून टप्प्याटप्प्यानं सोडवायच्या आहेत आणि त्याचा कच्चा आराखडा महिनाभरात द्या, असं त्यांना वरून सांगितलंय. त्या विचारतात: सुरुवात कुठून करू, लक्ष्यवर्ष कोणतं लिहू, आणि सल्लागार नेमावा का?

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. विदर्भातल्या सरकारी आणि निमसरकारी इमारतींची वीज मोजण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक सावधगिरी. या विषयावर जे तयार आराखडे शोधल्यावर सापडतात, ते बहुतेक थंड देशांतल्या शहरांचे असतात. तिथे इमारतीच्या तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो काढून उष्मापंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत देणारं विजेवरचं यंत्र) बसवला की अर्धं काम झालं. आपल्याकडे सरकारी इमारतीच्या तळघरात जुन्या फाइली आणि उंदीर असतात. जाळायला काही नसतं. नागपुरात जीवाश्म इंधन मनपाच्या इमारतीत फारसं जळत नाही, ते कोराडी-खापरखेड्याला आणि राज्यातल्या बाकी औष्णिक केंद्रांत जळतं आणि आपल्याकडे तारेतून येतं. त्यात गंमत अशी, की भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं आपलंच सांडपाणी कोराडीच्या संचांना पुरवलं जातं. म्हणजे पाणी इकडून जातं आणि वीज तिकडून येते.

म्हणून तो नमुना उचलून ‘गॅस बंद, सगळं विजेवर’ असं पहिल्या पानावर लिहू नका. हिशेब करून बघा. व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो. तो जाळला की साधारण ५७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर शेगडीची आणि इंडक्शनची कार्यक्षमता धरून सुमारे १७५ युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडचा जो उत्सर्जन गुणांक काढतं, तो अलीकडच्या वर्षांत युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर आहे. म्हणजे त्याच स्वयंपाकाला १२० किलोच्या वर. दुप्पट! आजच्या ग्रीडवर गॅस शेगडी काढून इंडक्शन बसवलं तर कागदावर जीवाश्म इंधन कमी होतं आणि हवेत कार्बन वाढतो. डिझेल जनरेटरचं उलट आहे. लिटरमागे २.७ किलो उत्सर्जन, त्यातून तीन-साडेतीन युनिट वीज, म्हणजे युनिटला सुमारे ०.८ किलो. तो ग्रीडपेक्षाही घाण आहे आणि महागही. पाणी तापवायला उष्मापंप वापरला तर एका युनिटात तीन युनिटांची उष्णता मिळते, म्हणून तिथे ग्रीडवर असूनही फायदा होतो. साधा गीझर मात्र सगळ्यात वाईट.

यातून आपला क्रम ठरतो: आधी विजेची मागणी खाली आणा, मग डिझेल काढा, त्याबरोबर स्वतःची सौर वीज उभी करा, आणि स्वयंपाकाचा गॅस सगळ्यात शेवटी. तसाही मनपाच्या इमारतींत स्वयंपाकघरं मोजकीच असतात. रुग्णालयाचं एखादं, कॅन्टीन, रात्रनिवारा. त्यावर आराखड्याची दहा पानं घालवू नका.

आता सुरुवात कुठून. तुमचे वरिष्ठ म्हणतील, इमारतींची यादी काढा. मी म्हणतो, बिलांची यादी काढा. इमारतींची यादी मालमत्ता विभागाकडे एक असते, शिक्षण विभागाकडे दुसरी, आरोग्य विभागाकडे तिसरी, आणि तिन्ही जुळत नाहीत. बिल मात्र खोटं बोलत नाही, निदान पूर्ण खोटं बोलत नाही. महावितरणच्या प्रत्येक बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट असतं. मनपाच्या नावावरचे सगळे ग्राहक क्रमांक महावितरणकडूनच मागवा, गेल्या छत्तीस महिन्यांच्या वापरासकट. लेखी पत्र द्या, कार्यकारी अभियंत्याच्या सहीनं, आणि दोन्हीकडच्या उपअभियंत्यांना एकदा एका टेबलावर बसवा. ही यादी हातात आली की तिची दहा झोनमध्ये विभागणी करा आणि प्रत्येक झोनच्या माणसाला विचारा: हे मीटर नेमकं कुठल्या भिंतीवर आहे?

इथे जे निघतं ते बहुतेक महापालिकांत सारखंच असतं. पाडलेल्या इमारतीच्या जोडणीचा स्थिर आकार (वापर नसला तरी लागणारा) अजून भरला जातोय. एका समाजभवनाच्या मीटरवर शेजारचा हायमास्ट चालतोय. शाळा बंद होऊन तिथे दुसऱ्याच कार्यालयाचं गोदाम झालंय, बिल शिक्षण विभागाच्या खात्यात. रुग्णालय चुकीच्या दरवर्गात पडलंय. सरकारी शाळा आणि रुग्णालयांना सार्वजनिक सेवेचा वेगळा वर्ग आहे, व्यापारी दरानं बिल येत असेल तर पहिल्याच महिन्यात पैसे वाचतील. मंजूर भार प्रत्यक्षापेक्षा दुप्पट घेऊन ठेवलाय आणि त्याचा आकार दरमहा भरला जातोय. यातल्या कशानंही कोळसा वाचत नाही, पण आयुक्तांपुढे पहिल्या तिमाहीत काही दाखवायला मिळतं, आणि पुढच्या खर्चाची फाइल त्यामुळे सरकते. हा व्यवहार आहे, त्याला नाक मुरडू नका.

मालकीचा घोळही इथेच सोडवा. मेयो आणि मेडिकल ही रुग्णालयं राज्य सरकारची, ती तुमच्या यादीत येत नाहीत. गांधीनगरचं इंदिरा गांधी रुग्णालय, पाचपावलीचं सूतिकागृह, आयसोलेशन रुग्णालय, ही तुमची. बाजार संकुलांतल्या गाळेधारकांचे मीटर त्यांच्या नावावर असतात. तिथे तुमच्या हातात जिना, पार्किंग आणि छत एवढंच. काही इमारती नागपूर सुधार प्रन्यास या वेगळ्या संस्थेच्या जागेवर असतील, तिथे छतावर काही बसवण्याआधी कागद तपासून घ्या.

आकडे आले की लगेच विश्वास ठेवू नका. ३० मे २०२४ आठवतं ना? रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की संवेदकात बिघाड होता. वीज मीटरचंही तसंच. सलग पाच महिने एकच आकडा दिसला तर ते सरासरी बिल आहे, मीटर नादुरुस्त आहे किंवा रीडिंग घेणारा आलाच नाही. अशी बिलं वेगळ्या रंगात ठेवा. मग इमारतीचं चटईक्षेत्र टाकून प्रति चौरस मीटर वर्षाचे युनिट काढा. पण शाळेची तुलना शाळेशीच करा, रुग्णालयाशी नको. थोड्या इमारती बहुतांश वीज खातात हे तुम्हाला लगेच दिसेल: मुख्यालय, मोठी रुग्णालयं, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह यांसारख्या वातानुकूलित जागा. शाळा संख्येनं पुष्कळ, वापरानं किरकोळ. हे लक्षात न घेता केलेले आराखडे पहिली तीन वर्षं शाळांत फिरत राहतात, कारण तिथे फोटो चांगले येतात.

आता ज्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो, तो मुद्दा.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि एका अधिकाऱ्याच्या केबिनमधला एसी बंद पडलाय. काय होतं? कंत्राटदाराला फोन जातो. त्याच्याकडे दरकरार आहे, म्हणजे कोणती वस्तू किती दरानं पुरवायची ते आधीच ठरवून ठेवलेला करार. दरकरारात ‘दीड टनी स्प्लिट एसी’ एवढंच लिहिलंय, म्हणून तो त्या किमतीत बसणारा सगळ्यात स्वस्त एसी संध्याकाळपर्यंत बसवतो. तो एसी पुढची आठ-दहा वर्षं तिथे राहणार. त्या दुपारी कोणी तुमचा आराखडा उघडून बघत नाही. गीझरचं तसंच, पंखा, पाण्याचा पंप, जनरेटर, सगळ्यांचं तसंच. महापालिकेतली बहुतेक यंत्रं योजना करून बदलली जात नाहीत, बंद पडली म्हणून घाईत बदलली जातात. उरलेली मार्च अखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून. हे वाईट आहे की चांगलं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. असंच चालतं, असंच चालणार. तेव्हा आराखडा या घाईतच घुसवायचा. दरकरार, मानक तपशील आणि वार्षिक देखभालीची निविदा ही तीन कागदपत्रं बदलली तर कोणाला काही ठरवावं न लागता दहा वर्षांत सगळी यंत्रसामग्री आपोआप पालटते. ती न बदलता तुम्ही दोनशे पानांचा अहवाल केलात तर तो कपाटात जाईल आणि स्वस्त एसी भिंतीवर जाईल.

म्हणून महिन्याभरात आराखडा द्यायचाय ना, त्यातला पहिला आठवडा बिलांना द्या आणि दुसरा पूर्ण या कागदांना. प्रत्येक वस्तूसाठी अर्ध्या पानाचा तपशील पुरे. एसीसाठी: बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) पाच तारे, इन्व्हर्टर, आणि शीतक, म्हणजे आत भरायचा थंड करणारा वायू, कोणता चालेल ते स्पष्ट. जुन्या आर-२२ शीतकाच्या यंत्रांत आता पैसे घालू नयेत. नव्या यंत्रांत तो भरणं २०२४ अखेर थांबलंय आणि पुढे तो मिळणं अवघडच होत जाणार. क्षमता खोलीच्या भारावरून ठरवायची, खुर्चीच्या वजनावरून नाही. दहा बाय बाराच्या केबिनमध्ये दोन टनी एसी मी पुष्कळ पाहिलेत. २०२० पासून रूम एसी २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियम आहे, पण रिमोट हातात आला की १८ होतातच. देखभालीच्या करारात ‘सेटिंग तपासून नोंद’ ही ओळ घाला, निदान कोणीतरी बघेल.

पंख्यासाठी बीएलडीसी (कमी वीज खाणारी, ब्रश नसलेली मोटर) सोडून दुसरं काही दरकरारात ठेवूच नका. जुना पंखा ७५ वॅट घेतो, हा तीसेक. मात्र आधी कुठे बदलायचे ते तासांवरून ठरवा. शाळेत पंखा वर्षाला दोनशे दिवस, रोज सात तास चालतो: पंख्यामागे ६३ युनिट वाचले. रुग्णालयाच्या वॉर्डात तो तीनशे दिवस चोवीस तास फिरतो: ३२४ युनिट. पाचपट फरक आहे. शाळेतले पंखे बंद पडतील तसे बदला, वॉर्डातले चालू असले तरी आज काढा.

पाणी तापवण्यासाठी: सूतिकागृहात आणि मोठ्या वॉर्डात गीझर बंद पडला की त्या जागी गीझर आणायचा नाही. मोठी गरज असेल तर उष्मापंप, छत मोकळं असेल तर सौर बंब आणि त्याला उष्मापंपाची जोड. सौर बंबाच्या नळ्या बोअरच्या जड पाण्यानं क्षारानं भरतात, म्हणून त्याला नळाचंच पाणी द्या किंवा पाणी मृदू करण्याचं यंत्र लावा. नाहीतर तिसऱ्या हिवाळ्यात कोणीतरी म्हणेल, ‘सोलर काही कामाचं नाही बाप्पा’, आणि गुपचूप गीझर लागेल. हात धुण्याचा तीन लिटरचा छोटा गीझर राहू द्या. त्याच्यामागे लागून वेळ जातो, हाती काही लागत नाही.

याच्या जोडीला एक नोंदवही हवी: यंत्र, बसवल्याचं वर्ष, अंदाजे अखेर. एसीला आठ-दहा वर्षं धरा, मोठ्या चिलरला (पूर्ण इमारत थंड करणाऱ्या केंद्रीय यंत्राला) पंधरा ते वीस, जनरेटरला पंधराच्या वर, सौर इन्व्हर्टरला दहाच्या आसपास. पुढच्या तीन वर्षांत ज्यांचं आयुष्य संपतंय ती यादी वेगळी काढा आणि तिचीच प्राकलनं आधी तयार करून तांत्रिक मान्यता घेऊन ठेवा. यंत्र बंद पडेल त्या दिवशी फाइल अर्धी पूर्ण असते. चिलरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तो मे महिन्यात गेला तर कोणी सहा आठवडे थांबत नाही, आणि जे मिळेल ते वीस वर्षं गळ्यात पडतं.

उन्हाबद्दल वेगळं बोलावंच लागेल. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ‘एसी लावू नका’ असं आराखड्यात लिहिणारा माणूस नागपूरचा नसतो. पण वरच्या मजल्याची उष्णता भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त येते, आणि त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीवर पांढरा परावर्तक थर. चुन्याचा दिला तरी चालतो, तो दरवर्षी द्यावा लागतो एवढंच. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायला हवं. आपल्याकडे रंगरंगोटीचा हंगाम मात्र हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर येतो, त्यामुळे लेखाशीर्षातले पैसे डिसेंबरातच संपलेले असतात. गच्चीच्या थरासाठी वेगळी तरतूद मागा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा जाळी द्या. आतून पडदा लावल्यानं उष्णता थांबत नाही, ती आत येऊन पडद्यात बसते.

आणि कूलरला कमी लेखू नका. वाळ्याच्या ताट्या लावलेला डेझर्ट कूलर दोनशे वॅटच्या आसपास घेतो, दीड टनी एसी दीड किलोवॅट. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हॉल, प्रतीक्षागृह, शाळेचं कार्यालय यांना तो पुरतो. मृगाचा पाऊस आला की त्याची मजा संपते, पण तोवर शिखर मागणीचा काळही संपलेला असतो. जिथे पन्नास माणसं बसतात तिथे गच्चीवरून डक्टनं हवा देणारा मोठा कूलर बघा. त्याला पाणी लागतं हे खरं, आणि टाकीत डासांच्या अळ्या होतात हेही खरं. हिवताप विभाग घरोघरी कूलरच्या टाक्या तपासतो, तेव्हा आपल्याच कार्यालयात अळ्या सापडणं शोभणार नाही. देखभालीच्या करारात आठवड्याला टाकी रिकामी करण्याची अट घाला. शस्त्रक्रियागृह, लस ठेवण्याची जागा, सर्व्हर खोली यांना यातलं काहीही लागू नाही. तिथे एसीच, आणि तोही भरवशाचा.

सौर पॅनेलकडे मी मुद्दाम उशिरा आलो. नागपूरला केंद्राच्या सौर शहर कार्यक्रमात ‘मॉडेल सोलर सिटी’ म्हणून निवडलं होतं, पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची मागणी दहा टक्के कमी करायची असा त्या कार्यक्रमाचा हेतू. म्हणजे कल्पना नवी नाही आणि छतंही नवी नाहीत. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाकाठी साधारण १४०० युनिट देतं आणि त्याला शंभर चौरस फूट जागा लागते. कडक उन्हाळ्यात जास्तीत जास्त वीज मिळेल असं लोकांना वाटतं, पण पॅनेल तापलं की उत्पादन घटतं. पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला की पंधरा टक्क्यांच्या आसपास तूट धरा, आणि पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढं उचलून बसवा.

खरा प्रश्न छताचा आहे. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार. त्याखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) चार वर्षांत गळणार असेल तर पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर? म्हणून छतांचे तीन ढीग करा. एक, जलरोधक काम नुकतं झालेली आणि संरचना तपासलेली छतं: यांवर लगेच. दोन, दुरुस्ती लागणारी: दुरुस्ती, पांढरा थर आणि पॅनेल एकाच निविदेत. तीन, पत्र्याची, पडायला आलेली, पुनर्विकासात जाणारी किंवा वारसा यादीतली: यांना सध्या हात लावू नका.

शाळांच्या बाबतीत लोक विचारतात, मे महिन्यात शाळा बंद, विदर्भात तर जूनच्या शेवटी उघडतात, मग ती वीज वाया जाणार का? नेट मीटरिंगमध्ये (जादा सौर वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या पद्धतीत) शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढे नेले जातात आणि हिशेब ३१ मार्चला मिटतो. एप्रिल-मेचे जादा युनिट वर्षाच्या सुरुवातीलाच जमा होतात आणि पावसाळ्यात, ढगाळ दिवसांत वापरले जातात. आपलं वेळापत्रक इथे नशिबानं बरोबर बसतं. मात्र मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना जो भाव मिळतो तो अगदी कमी असतो, त्यामुळे शाळेच्या वर्षभराच्या वापरापेक्षा मोठा प्रकल्प बसवू नका. फक्त छत मोठं आहे म्हणून क्षमता वाढवणं हा ठेकेदाराचा फायदा असतो.

पैसे कोणी घालायचे, मनपानं की खासगी विकासकानं? विकासक स्वतःच्या पैशानं बसवतो आणि पंचवीस वर्षं ठरल्या दरानं वीज विकतो, हे ऐकायला छान वाटतं. करारातल्या दोन कलमांवर बोट ठेवून वाचा. छत दुरुस्तीसाठी पॅनेल बंद ठेवावं लागलं तर ‘मानीव उत्पादना’चे (न झालेल्या पण झाली असं धरलेल्या विजेचे) पैसे मनपाला द्यावे लागतात का, किती दिवसांनंतर? आणि बिल थकलं तर व्याज किती? स्थानिक संस्था उशिरा पैसे देतात हे विकासकाला पाठ असतं, ते त्यानं दरात आधीच धरलेलं असतं. रुग्णालयं आणि मुख्यालय यांसारख्या रोज दिवसा भार असलेल्या इमारती स्वतःच्या पैशानं करा, पाच-सहा वर्षांत पैसे सुटायला हवेत. लहान विखुरलेल्या शाळा एकत्र करून विकासकाला द्या. कोणत्याही मार्गानं गेलात तरी पॅनेल कोण धुणार, किती दिवसांनी आणि त्याला गच्चीवर पाणी कुठून मिळणार, हे निविदेत लिहा. उत्तर नागपुरात राख-धूळ जास्त, तिकडे धुण्याचा फेरा लवकर हवा. विदर्भातल्या एका नगरपालिकेत मी इन्व्हर्टर वर्षभर बंद असलेला पाहिला. कोणाला कळलं नाही, कारण बिल मुख्याध्यापकांकडे जातच नव्हतं, ते परस्पर लेखा विभागात भरलं जात होतं. म्हणून प्रत्येक शाळेला, प्रत्येक दवाखान्याला स्वतःच्या बिलाची प्रत दरमहा पाठवायची व्यवस्था करा. त्याला निधी लागत नाही, एक आदेश लागतो.

डिझेलबद्दल. बहुतेक जनरेटर गरजेपेक्षा खूप मोठे असतात, कारण घेताना पूर्ण इमारतीचा भार धरलेला असतो. वीज गेल्यावर प्रत्यक्षात दिवे, संगणक, लिफ्ट आणि लसीचं फ्रीज एवढंच चालवायचं असतं. आधी अत्यावश्यक भाराची वायरिंग वेगळी करा. झोन कार्यालयाला मग लिथियम बॅटरी आणि सौर इन्व्हर्टर पुरतो. डिझेलची वीज नुसत्या इंधनाच्या खर्चानंच युनिटला पंचवीस रुपयांच्या वर पडते, त्यामुळे इथे आर्थिक वाद होणार नाही. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता असलेल्या रुग्णालयांत जनरेटर ठेवा, पण लहान, आणि बॅटरीच्या मागे दुसऱ्या रांगेत. आग विझवण्याचा डिझेल पंप यातून पूर्ण वगळा. तो तिथे आहे तो वीज गेलेली असतानाच चालावा म्हणून.

दहनघाट इमारतीत मोडतात की नाही यावर तुमच्याकडे वाद होईल. माझ्या मते ते वेगळ्या प्रकरणात ठेवा. लाकूड, गॅस आणि वीजदाहिनी यांच्यासोबत आपल्याकडे शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या, ज्याला मोक्षकाष्ठ म्हणतात, हाही पर्याय घाटांवर रुळलाय आणि तो जीवाश्म इंधनात येत नाही. तिथला निर्णय अभियंत्यानं एकट्यानं घ्यायचा नसतो.

पाणीपुरवठ्याच्या पंपांचंही तसंच. कन्हान, पेंच, गोरेवाडा इथल्या पंपांना लागणारी वीज इमारतींपेक्षा वेगळ्या पातळीवरची. इंदूरनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून जलूदला नर्मदेचं पाणी उपसण्यासाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला, तो पंपांसाठीच. आपल्या आराखड्यात पंपांना एक परिच्छेद द्या आणि स्वतंत्र अभ्यास मागा, नाहीतर पंपांचे आकडे इमारतींना गिळून टाकतील. १०० किलोवॅट किंवा जास्त मागणी असलेल्या जोडण्यांना २०२२ च्या नियमांनुसार खुल्या प्रवेशातून (महावितरणऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून) हरित वीज घेता येते, त्याची नोंद मात्र मोठ्या इमारतींच्या प्रकरणातही करा. छत अपुरं पडणाऱ्या मुख्यालयाला शेवटी तोच रस्ता आहे.

लक्ष्यवर्ष. मुंबईनं २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात २०५० धरलं, देशानं २०७०. तुम्ही सगळ्यासाठी एकच वर्ष लिहू नका, डिझेल आणि वीज यांची लक्ष्यं वेगळी लिहा. डिझेल तुमच्या हातात आहे. जनरेटरच्या नोंदवहीवरून त्याचं वर्ष काढा आणि नवी खरेदी या तारखेनंतर बंद, असं ठरावात आणा. २०२६ मध्ये घेतलेला जनरेटर २०४१ ला उभा असणार, एवढं गणित सांगितलं तरी स्थायी समितीला पटेल. विजेसाठी वर्षाऐवजी वाटा लिहा: एकूण वापर किती टक्के खाली, आणि उरलेल्यातला किती भाग स्वतःच्या किंवा करारानं घेतलेल्या अपारंपरिक विजेवर. ग्रीड किती लवकर स्वच्छ होईल हे मनपा ठरवत नाही, त्याचं आश्वासन देऊ नका. नव्या बांधकामांना लक्ष्यवर्ष लागतच नाही. केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅटच्या वरच्या इमारतींसाठी लिहिलेली आहे, मनपानं ठराव करून स्वतःच्या छोट्या नव्या इमारतींनाही ती लावावी. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानाच्या ‘अग्नी’ घटकात ऊर्जा लेखापरीक्षणाला गुण आहेत, तेव्हा वरिष्ठांना हे पटवणं जड जाऊ नये.

राहिला सल्लागार. बिलांची यादी, मीटर शोधणं, यंत्रांची नोंदवही हे सल्लागाराला देऊ नका. त्याची मुलं येतात, चार इमारती फिरतात, बाकीचं सरासरीनं भरतात. हे काम तुमच्या झोनच्या वायरमनला जास्त चांगलं येतं, त्याला फक्त एक फॉर्म आणि दोन आठवड्यांची मोकळीक द्या. सल्लागार घ्या तो सात-आठ मोठ्या इमारतींच्या सविस्तर लेखापरीक्षणासाठी, बीईई प्रमाणित, आणि मोजमाप एकदा मेमध्ये व एकदा डिसेंबरात करण्याच्या अटीवर. एकदाच ऑक्टोबरात मोजून गेलेल्या माणसाला नागपूरची इमारत कळत नाही. पैशांचा शेवटचा हप्ता अहवाल मिळाल्यावर देऊ नका, त्यानं सुचवलेल्या यंत्रांचे तपशील दरकरारात बसतील अशा भाषेत लिहून दिल्यावर द्या. आणि आकडेमोडीची मूळ एक्सेल फाइल सूत्रांसकट मागून घ्या, नुसतं पीडीएफ स्वीकारू नका.